कुजलेला चारा, हिरवी भाजी आणि पातळ रक्त

परांड्याहून सोनारीला जाणाऱ्या माणसाला भैरवनाथाच्या आधी तिथली माकडे भेटतात, हे त्या वाटेने गेलेल्या भाविकांना निराळे सांगायला नको. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला काळभैरवनाथाचे हे ठाणे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत, आणि चैत्रातल्या यात्रेला दूरदूरची माणसे इथे लोटतात. भोवतालचा मुलूख सीनेच्या खोऱ्यातला. जमीन काळी, पण पावसाचा भरवसा नाही. रब्बीची ज्वारी हे या मुलखाचे दुसरे दैवत म्हणावे. कारण ती माणसाला भाकरी देते आणि जनावराला कडबा. ज्वारीची काढणी झाली की कडब्याच्या गंजी उभ्या राहतात आणि त्याच सुमारास अवकाळी पाऊस कोसळला की शेतकऱ्याचा जीव धान्याइतकाच कडब्यासाठी तुटतो. भिजलेला कडबा काळा पडतो, त्याला बुरशी धरते, उग्र वास सुटतो. तो जनावरापुढे टाकावा की उकिरड्यावर, हा प्रश्न सुकाळात सोपा असतो. १९७२ च्या दुष्काळासारखा काळ आला म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. गोठ्यात जे असेल ते दावणीत पडते.

चाऱ्याची ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. आज शहरांत आणि खेड्यांतही हजारो घरांत देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात एक बारीक गोळी असते. तिला कोणी ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, कोणी नुसतीच ‘हार्टची गोळी’. कृत्रिम झडप बसवलेली असेल, हृदयाचे ठोके बेताल पडत असतील, किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, तर ती घ्यावी लागते. या गोळीबरोबर घरात एक भीती येते आणि ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसते. पालेभाजी खायची की नाही? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर गोळीचा जन्म पाहिला पाहिजे. आणि तो जन्म झाला बुरशी आलेल्या चाऱ्यात.

गोष्ट शंभर वर्षांमागची, अमेरिकेच्या उत्तर डाकोटा प्रांतातली आणि कॅनडातल्या आल्बर्टाची. तिथल्या शेतकऱ्यांनी हलक्या जमिनीत ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा लावायला सुरुवात केली होती. आपल्या गव्हा-हरभऱ्याच्या रानात रानमेथी नावाचे जे तण उगवते, त्याचे हे थोराड भावंड. कापून वाळत टाकले की त्याला गोडसर सुगंध येतो. तो सुगंध कुमारिन नावाच्या द्रव्याचा. चारा उत्तम, जनावरे आवडीने खात. परंतु १९२० नंतरच्या काही वर्षांत पावसाळी हवामानामुळे हा चारा नीट वाळेना. गंजीत त्याला बुरशी धरली. तोच चारा खाल्लेली जनावरे मरू लागली, आणि तीही विचित्र रीतीने. शिंगे कापली की रक्त थांबेना. खच्ची केलेला गोऱ्हा रक्तस्रावाने मरे. काही जनावरांना तर कुठे जखमही नसे, आतल्या आतच रक्त झिरपून ती कोसळत. लोकांना आधी साथीचा रोग वाटला.

तो रोग नव्हे हे दाखवले फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने. हा गृहस्थ मोठा विलक्षण. काही वर्षांपूर्वी तो कोरियात मिशनरी डॉक्टर म्हणून होता आणि १९१९ साली जपानी राजवटीने तिथे केलेल्या अत्याचारांची छायाचित्रे काढून त्याने ती जगापुढे आणली होती. कोरियन जनता आजही त्याला आपल्या स्वातंत्र्यलढ्यातला माणूस मानते. तिथून परतल्यावर तो कॅनडातल्या ओंटारिओच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आला. त्याने केलेला प्रयोग कोणत्याही शेतकऱ्याला समजावा इतका साधा होता. एकाच गंजीतल्या चाऱ्यातून त्याने चांगल्या काड्या आणि बुरशीच्या काड्या निवडून वेगळ्या केल्या. एका सशाला चांगल्या घातल्या, दुसऱ्याला बुरशीच्या. पहिला ससा ठणठणीत राहिला. दुसरा रक्त वाहून मेला. म्हणजे दोष गवताचाही नाही आणि जंतूंचाही नाही; बुरशीने त्या गवतात काहीतरी नवे निर्माण केले आहे. पुढे उत्तर डाकोटात ली रॉडरिक याने दाखवले की अशा जनावरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारे प्रोथ्राॅम्बिन नावाचे प्रथिन कमी झालेले असते. चारा बदला आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त चढवा, एवढाच उपाय होता.

पण शेतकऱ्याने चारा बदलायचा म्हणजे आणायचा कुठून? १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळ चालू असताना, विस्कॉन्सिन प्रांतातला एड कार्लसन नावाचा शेतकरी आपल्या गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि शंभर पौंड कुजका चारा घालून सुमारे १९० मैलांवर मॅडिसनला येऊन पोहोचला. तो शनिवार होता. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद. उघडे दिसले ते दार विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचे, आणि आत होता कार्ल लिंक. लिंकजवळ त्याला द्यायला काही नव्हते. तो चारा घालू नका आणि जमले तर रक्त चढवा, एवढेच तो सांगू शकला. कार्लसन परत निघून गेला. परंतु ते रक्ताने भरलेले दुधाचे भांडे मागे राहिले. लिंक आणि त्याचा जर्मन सहायक शोफेल यांनी त्या संध्याकाळीच कामाला हात घातला. शास्त्राच्या इतिहासात राजांच्या दरबारातून निघालेले शोध पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या दुधाच्या भांड्यातून निघालेला असा दुसरा माझ्या वाचनात नाही.

सहा वर्षे गेली. १९३९ च्या जूनमध्ये लिंकच्या सहकाऱ्यांपैकी हॅरोल्ड कॅम्पबेल याला शेवटी त्या विषाचे स्फटिक मिळाले. कुमारिनचे दोन रेणू बुरशीच्या करणीने जोडले जाऊन झालेले ते द्रव्य. त्याला डायकुमारॉल असे नाव मिळाले. पुढच्या वर्षी ते प्रयोगशाळेत बनवताही आले, आणि लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आले की ज्या द्रव्याने गाय मरते, तेच योग्य प्रमाणात दिले तर माणसाच्या शिरेतली घातक गुठळी रोखता येईल.

आता या कथेचे दुसरे टोक पाहू. ते डेन्मार्कमधले. कोपनहेगनला हेन्रिक डाम हा शास्त्रज्ञ १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना चरबी काढून टाकलेले खाद्य घालून काही वेगळेच तपासत होता. पिलांच्या कातडीखाली रक्त साकळू लागले. जे काढून टाकले म्हणून वाटत होते ते परत घातले तरी रक्तस्राव थांबेना. हिरवी पाने घातली की थांबे. खाद्यातले काही अज्ञात द्रव्य रक्त गोठण्यासाठी लागते असे अनुमान त्याने काढले आणि १९३५ साली त्याला ‘कोआग्युलेशन’ या शब्दाच्या आद्याक्षरावरून ‘के’ जीवनसत्त्व असे नाव दिले. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉइझीने १९३९ मध्ये त्याची रचना उलगडली. दोघांना मिळून १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डॉइझीने हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले ते अल्फाल्फामधून. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास! स्वीट क्लोव्हर, लसूणघास आणि मेथी, तिन्ही एकाच घराण्यातली. एका भावंडाच्या कुजण्यातून विष निघाले, दुसऱ्याच्या हिरवेपणातून उतारा निघाला, आणि तिसरे आपण भाकरीबरोबर खातो. त्या तिसऱ्याकडे आपल्याला परत यायचेच आहे.

लिंकच्या प्रयोगशाळेनेच पुढे दाखवले की डायकुमारॉलने पातळ झालेले रक्त ‘के’ जीवनसत्त्वाने पूर्ववत होते. विष आणि उतारा यांची जोडी जुळली. मधल्या काळात लिंकला क्षयाने गाठले. १९४५ साली विश्रांतीगृहात पडल्या पडल्या तो उंदीर मारण्याच्या उपायांचे वाचन करीत होता, आणि त्याला सुचले की आपण बनवून ठेवलेल्या शेकडा-दीडशे द्रव्यांपैकी एखादे या कामाला चालेल. यादीतले ४२ क्रमांकाचे द्रव्य सर्वांत प्रभावी ठरले. ज्या विद्यापीठ-संस्थेने संशोधनाला पैसा पुरवला तिच्या आद्याक्षरांना कुमारिनचे शेपूट जोडून त्याचे नाव ठेवले ‘वॉर्फरीन’. १९४८ पासून ते उंदरांचे औषध म्हणून बाजारात आले. १९५१ साली अमेरिकेच्या सैन्यातल्या एका नव्या शिपायाने जीव देण्यासाठी ते विष ५६७ मिलिग्रॅम इतके खाल्ले. तरी इस्पितळात रक्त व ‘के’ जीवनसत्त्व देऊन तो पूर्ण बरा झाला. विषाला इतका खात्रीचा उतारा आहे हे पाहून डॉक्टरांचा धीर वाढला. १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले.

हे कळले की आपल्याकडे काही घरांत गोळी बंद होते. ‘उंदराचं औषध माणसाला देतात’ असे कोणी सांगितले, की पिकाच्या राखणीला घुशीचे औषध ठेवणारा शेतकरी आपल्या आईला ती गोळी कशी देईल? हा धाक निराधार असला तरी हास्यास्पद नाही. उंदीर ते खातो रोज, बेहिशेबी आणि तपासणीवाचून. माणसाला ते मिलिग्रॅममध्ये मोजून आणि रक्त तपासून दिले जाते. मिठापासून पाण्यापर्यंत मात्रेचा फरक सगळीकडेच असतो. गोळी बंद केल्याने मात्र धातूच्या झडपेवर गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांग.

आता या औषधाचे काम कसे चालते ते विहिरीच्या भाषेत सांगतो. रहाटगाडगे आठवा. गाडगे भरून वर येते, पाणी पाटात ओतते, रिकामे होऊन खाली जाते आणि परत भरते. आपल्या यकृतात रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार होतात. ‘के’ जीवनसत्त्व त्यांना कॅल्शियम धरायच्या जणू नख्या बसवते. त्यावाचून ती प्रथिने निरुपयोगी. एकदा काम केले की हे जीवनसत्त्व रिकाम्या गाडग्यासारखे होते आणि शरीर त्याला परत भरून वापरते. थोड्याशा जीवनसत्त्वावर काम भागते ते यामुळे. वॉर्फरीन या रहाटात काठी अडकवते. गाडगी परत भरत नाहीत, पाट आटतो. परंतु वरून कोणी ताजे पाणी हंड्याने ओतले तर? तर पाटात पाणी वाहणारच. ते ताजे पाणी म्हणजे पालेभाजी. औषध आणि आहार यांची अशी कायमची ओढाताण असते. डॉक्टरने काठी किती घट्ट बसवायची हे ठरवलेले असते ते रोज साधारण किती पाणी ओतले जाते त्या हिशेबाने. शिवाय आधी बनलेली प्रथिने रक्तात काही दिवस टिकून असतात, म्हणून आज खाल्लेल्याचा किंवा न खाल्लेल्याचा परिणाम आजच्या तपासणीत दिसत नाही. तो दोन-चार दिवसांनी दिसतो, आणि तोवर माणूस काय खाल्ले ते विसरलेला असतो.

त्या तपासणीचा आकडा म्हणजे आय.एन.आर. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली हे सर्वांना समान माप ठरवून दिले. औषध न घेणाऱ्याचा आकडा १ च्या आसपास. गोळी घेणाऱ्याचा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आपल्या देशात या गोळीचे नाते मुख्यतः गरिबीच्या एका रोगाशी आहे. लहानपणी घसा बसतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. पोर बरे होते, सारे विसरतात. पण त्या संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या आखडलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांनी, बहुधा बाळंतपणाच्या वेळी, धाप लागू लागते. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स नावाचा एंजिनियर यांनी मिळून बनवलेली कृत्रिम झडप यशस्वीपणे बसवली गेली, आणि १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली भारतीय झडप पहिल्यांदा रोग्याच्या हृदयात बसली. ती पुष्कळ स्वस्त असल्याने सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. झडप धातूची असेल तर गोळी जन्मभर. आपल्याकडे वॉर्फरीनप्रमाणेच त्याच जातीचे असिनोकुमारॉल हेही पुष्कळ वापरले जाते. नाव निराळे, रहाटातली काठी तीच.

कल्पना करा, अशी झडप बसवलेली एक बाई मुंबईहून आपल्या शिवारात परत आली आहे. निघताना तिला घाईघाईत सांगितलेले असते: ‘हिरव्या भाज्या टाळा, त्यांत के जीवनसत्त्व असते.’ इथे मराठीची एक गंमत आडवी येते. आपण शाळेत अ, ब, क, ड असे शिकलो. त्यातला ‘क’ म्हणजे इंग्रजी ‘सी’. लिंबू, आवळा, पेरू यांतला. आणि ज्याच्याशी या गोळीचे वैर तो ‘के’, इंग्रजीतला ‘के’. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. मग घरातले लिंबूही बंद होते आणि आवळाही, ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही. कोणी सुचवते, हळदही वर्ज्य करा. कोणी लसूण काढते. फोडणीत कोथिंबिरीचे पान दिसले तरी ताट बाजूला सरते. उरते काय? भाकरी, डाळीचे पाणी, बटाटा. जी बाई आयुष्यभर पालेभाजीवर लोहाचा आणि इतर जीवनसत्त्वांचा आधार ठेवून जगली, तिच्या ताटातून तोच आधार निघून जातो. रोगाने जितकी खंगली नाही तितकी ती पथ्याने खंगते.

खेदाची गोष्ट ही की इतके करून आकडा काही स्थिर राहत नाही. वरचा रहाट डोळ्यांपुढे आणला तर कारण सहज उमजते. ज्या विहिरीत पाणी भरपूर, तिथे एक हंडा जास्त-कमी झाला तरी फरक पडत नाही. जिथे तळ उघडा पडला आहे, तिथे एका तांब्यानेही पातळी हलते. महिनाभर पालेभाजी न खाणाऱ्याने बारशाच्या जेवणात अळूची एक वाटी खाल्ली की त्याचा आकडा कोसळतो. रोज थोडी खाणाऱ्याला त्याच वाटीने फारसे काही होत नाही. इंग्लंडात न्यूकॅसल येथील संशोधकांनी हे तपासून पाहिले. कारण नसताना आकडा सतत खालीवर होणारे रोगी इतरांपेक्षा ‘के’ जीवनसत्त्व कमी खातात असे त्यांना २००५ मध्ये आढळले. आणि २००७ मध्ये अशाच रोग्यांना रोज १५० मायक्रोग्रॅम ‘के’ जीवनसत्त्व मुद्दाम दिल्यावर त्यांतल्या बहुतेकांचा आकडा अधिक स्थिर झाला. वॉर्फरीनची मात्रा थोडी वाढवावी लागली, एवढेच. म्हणजे वर्षानुवर्षे जे टाळायला सांगितले जात होते, तेच मोजून खायला दिल्याने उपयोग झाला.

आमच्या बोलीत ‘पथ्य’ म्हणजे वर्ज्य असाच अर्थ रूढ झाला आहे. पथ्य सांगा म्हटले की वैद्यानेही यादी सुरू करावी ती ‘हे नको, ते नको’ अशी. मूळ शब्द ‘पथ’ म्हणजे मार्ग यापासूनचा. जे मार्गाला धरून आहे ते पथ्य. या गोळीच्या बाबतीत जुना अर्थ जास्त उपयोगी आहे. आठवड्यातून दोन वेळा मेथी खात होतात? तर दोन वेळाच खा, तेवढीच खा, आणि बाराही महिने खा.

बाराही महिने म्हणणे सोपे, पण धाराशिवकडच्या शेतकऱ्याचे ताट ऋतूप्रमाणे फिरते, ही खरी अडचण. शहरातल्या मंडईत पालक वर्षभर मिळतो. इथे पावसाळ्यात तांदुळजा, कुर्डू, पाथरी, चिघळ बांधाबांधावर उगवतात. थंडीत मेथी, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा कोवळा पाला यांची चंगळ असते. आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येला येते वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडे हिला येळवस म्हणतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून सारे घर शेतात जेवते. आंबील, खीर, उंडे, आणि मटार, तूर, हरभऱ्याचे ओले दाणे व रानातल्या भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी. ज्याने ती खाल्ली नाही त्याने मराठवाड्यात हिवाळा काढला असे मी मानणार नाही. त्या दिवशी गोळी घेणाऱ्यालाही भज्जी वाढावी. फक्त आठवडाभराच्या हिरव्या भाजीचा हिस्सा ती समजावी, वर पुन्हा मेथीची जुडी नको. मग येतो उन्हाळा. विहिरी आटतात, भाजी दिसेनाशी होते, वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला तेवढा असतो. थंडीतल्या आहाराला बसवलेली गोळीची मात्रा उन्हाळ्यात तशीच चालू राहिली तर आकडा वर चढून हिरड्यांतून रक्त येऊ शकते. ऋतू पालटताना, म्हणजे होळीच्या आणि दसऱ्याच्या सुमारास, एक तपासणी जादा करून घ्यावी, हे या मुलखापुरते माझे मत आहे. मात्रा मात्र डॉक्टरांनीच बदलायची.

दसऱ्याचे नाव निघाले म्हणून उपवासाचेही सांगतो. तुळजापूर याच जिल्ह्यात. नवरात्राचे नऊ दिवस धरणारी माणसे घरोघर. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटा, दूध, केळे, या सगळ्यांत ‘के’ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. नऊ दिवस पाटात वरून एक तांब्याही पडत नाही आणि रहाटात काठी तशीच. त्यात अनवाणी चालणे, अपुरे जेवण, कधी जुलाब. अशा वेळी आकडा वर जातो. देवीचा उपवास सोडा असे मी कोणाला म्हणणार नाही. परंतु उपवासाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि उपवासात गोळी आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नये. एकादशीचा एक दिवस फारसा मोडतोड करीत नाही.

दिवाळीच्या फराळाविषयी मात्र आनंदाची बातमी आहे. तांदूळ, गहू, बेसन, साखर, पोहे, यांत हे जीवनसत्त्व नगण्य. लाडू, करंजी, शंकरपाळे, अनारसे यांचे या गोळीशी वैर नाही. (मधुमेहाचे वैर असले तर तो खटला वेगळ्या कोर्टात.) चिवड्यातल्या कढीपत्त्याची चार पाने कोणाचे रक्त गोठवीत नाहीत. लक्ष द्यायचे ते तेलाकडे. शेंगदाण्याच्या तेलात ‘के’ जवळपास नाहीच. करडईच्या तेलातही कमी. सोयाबीनच्या तेलात मात्र शंभर ग्रॅमला सुमारे १८० मायक्रोग्रॅम असते. घाण्याचे शेंगतेल वापरणाऱ्या घराने स्वस्त पडते म्हणून सोयाबीनचे डबे आणले, तर भाजी न बदलताही ‘के’ वाढते. तुलनेसाठी सांगतो: शंभर ग्रॅम पालकात ४८० च्या आसपास, कोथिंबिरीत ३१०, कोबीत ७५, फुलकोबीत १५, टोमॅटोत ८, कांद्यात अर्ध्याहूनही कमी. कोथिंबीर वजनाने भयंकर वाटते, पण आमटीवर आपण टाकतो ती चिमूटभर.

भाजीवर सगळे लक्ष गेल्याने खरे धोके निसटतात. गुडघे दुखले म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, तापात गावातल्या डॉक्टरने दंडात टोचलेले इंजेक्शन, काही प्रतिजैविके, जडीबुटीचे काढे, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि दारू, ही भाजीपेक्षा जास्त नुकसान करतात. हळदीची रोजची चिमूट आणि फोडणीतला लसूण त्यात मोडत नाहीत. कोणत्याही डॉक्टरकडे गेले की आधी या गोळीचे नाव सांगावे. काळी शौच झाली, लघवीतून रक्त आले, डोक्याला मार लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

उंदरांचे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉर्फरीन पचवणारे उंदीर सापडले. त्यांच्या आणि माणसांच्या ज्या जनुकात या प्रतिकाराचे मूळ आहे तो २००४ मध्ये ओळखला गेला. एकाच वजनाच्या दोन माणसांना या गोळीची मात्रा इतकी निराळी का लागते, याचे बरेचसे उत्तर त्याच जनुकात आहे. शेजारणीची मात्रा आपल्याला का चालत नाही, हे सांगायला हा उंदीर फार उपयोगी पडतो.

२०१० पासून नवी औषधे आली, ज्यांना पालेभाजीचे पथ्य नाही आणि वरचेवर तपासणीही नाही. बेताल ठोक्यांच्या पुष्कळ रोग्यांची सुटका त्यांनी केली. परंतु धातूच्या झडपेवर त्यांतले एक औषध वापरून पाहिले तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने तो प्रयोग २०१२ मध्ये थांबवावा लागला. आणि संधिवाती तापाने झडपा आखडलेल्या रोग्यांत जुन्या जातीचीच गोळी सरस ठरली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या रोग्यांचाही समावेश असलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. तेव्हा आपल्याकडच्या झडपवाल्या बायाबापड्यांना कार्लसनच्या कुजक्या चाऱ्यातून निघालेल्या औषधाचीच सोबत आहे. त्यांच्या घरात आय.एन.आर.चे कागद एका पिशवीत ठेवलेले असतात. त्याच पिशवीत शाळकरी नातवंडाची एक जुनी वही ठेवावी, आणि गोळीच्या तारखेसमोर त्या दिवशी कोणती भाजी शिजली, ते त्याच्याकडूनच लिहवून घ्यावे. परांड्याला किंवा बार्शीला डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.